छत्रीवाला बेडूक

ओम हर्सोनोंनी बर्फाच्या पेटीचं झाकण उघडलं आणि सरबताच्या बाटल्यांशेजारून प्लास्टिकचा एक पेला बाहेर काढला. पेल्यात हिरवा बेडूक होता. तो उडी मारेल म्हणून लारास मागे सरकली. बेडूक हलला नाही.

"घाबरू नकोस. वीस मिनिटं बर्फात ठेवला की एकदम शहाणा होतो," ओम म्हणाले. इंडोनेशियातल्या पुरवोकर्तोच्या फोटो क्लबात सगळेच त्यांना ओम, म्हणजे काका म्हणत.

चार वर्षांपूर्वी लारासने जुना कॅमेरा घेतला तो त्यांच्याच एका फोटोपायी. पावसात इवलासा बेडूक, पुढच्या दोन्ही पायांत पानाची छत्री धरून उभा. कॅलेंडरातून कापलेला तो फोटो ती कामाला होती त्या औषधाच्या दुकानात, खोकल्याच्या बाटल्यांच्या वर अजून चिकटलेला होता. तेव्हापासून दर रविवारी ती भाताच्या बांधावर पालथी पडून बेडकांचे फोटो काढत असे. अलीकडे धीर करून तिने ते परदेशातल्या एका एजन्सीला पाठवले. उत्तर आलं, तुमचे बेडूक नुसते बसलेले आहेत. छत्रीवाल्यासारखं काही असेल तर रविवारी संध्याकाळपर्यंत पाठवा, वर्षभराचं काम देतो. आता बेडूक बसणार नाही तर काय करणार? तरी लारासने नोकरी सोडायची चिठ्ठी लिहून ठेवली, आणि सोमवारपासून दुकानाचा डबा बंद, असं आईने आनंदाने जाहीर करून टाकलं.

आज रविवार होता.

ओमनी चष्मा कपाळावर चढवला. गळाचा बारीक, पारदर्शक दोरा घेऊन त्यांनी बेडकाच्या चारही पायांना एकेक फास घातला. गजरा ओवावा तशी त्यांची बोटं चालत होती. पाचवा दोरा त्यांनी गळ्याखालून घेऊन फांदीला बांधला, तेव्हा बेडूक उभा राहिला. उभा कसला, लटकला. मग गोंदाचा थेंब टाकून पुढच्या पायांत पानाचं देठ चिकटवलं. ओमच्या बायको, काकू, झारी घेऊन तयारच होत्या.

कॅमेरा नीट लावायला लारास वाकली आणि तिला नळाखालची बादली दिसली. तळाशी सकाळचे तीन बेडूक होते. एकाच्या पायाला देठ तसंच चिकटलेलं होतं. वास नाकात गेला तशी ती सरळ उभी राहिली.

"दुपारपर्यंतच टिकतात," ओम म्हणाले. त्यांच्या आवाजात दुष्टपणा नव्हता, भाजीबद्दल बोलावं तसं ते बोलत होते. "हौशी माणूस बेडकाची वाट बघत बसतो. आपल्याला वाट बघून कसं चालेल?"

"आणि हे दोरे?"

"पुसायचे. फोटो काढायला काय, कुणीही काढतं गं. पुसायला शिकलीस की धंद्यात आलीस."

अंगातला गारठा उतरला तसं बेडकाचं तोंड हळूहळू उघडलं. काकूंनी झारी कलंडली. लारासला किळस आली, ओमची, झारीची, त्या गोंदाच्या नळीची. तेवढ्यात थेंबांवर ऊन पडलं आणि चार वर्षांच्या सवयीने तिचं बोट बटणावर दाबलं गेलं. एकदा नव्हे, तीनदा. त्या बोटाची तिला सगळ्यांत जास्त किळस आली.

तिने कात्री मागितली. ओम हसले आणि त्यांनी दिली. दोरे कापून, देठ सोडवून तिने बेडूक पेल्यातून नेला आणि वाटेत बांधावरच्या ओल्या गवतात ठेवला. तो ठेवला तसाच राहिला. पाय आत घेणंही त्याला जमलं नाही. ती बराच वेळ थांबली, मग स्कूटर सुरू करून घरी आली.

संध्याकाळी तिने लॅपटॉप उघडला. पाच दोरे पुसायला दहा मिनिटंही लागली नाहीत. इतकं सोपं असेल असं तिला वाटलं नव्हतं. फोटो सुंदर होता. तिने आजवर काढलेल्या सगळ्या फोटोंत सुंदर होता, आणि एजन्सीला पाठवायला अजून तासभर हातात होता.

आई गरम मेंदोआन भज्यांची ताटली घेऊन आली आणि तिच्या खांद्यावरून बघू लागली.

"अगं बाई, कसा हसतोय मेला," ती म्हणाली आणि तेलकट बोट तिने पडद्यावर बेडकाच्या तोंडाला लावलं. "दुकानातल्यापेक्षा गोड आहे. हाच पाठव."

लारासने शेवटचं पुसणं मागे घेतलं. गळ्याखालचा दोरा परत आला. मग मागच्या पायांचे आले, एकामागून एक. आईचं बोट अजून तिथेच होतं. पुढच्या पायाचा एक आला. मग दुसरा.

आईने बोट काढून घेतलं आणि गाऊनला पुसलं. पुन्हा एकदा पुसलं.

"तो दुकानातलाही?"

"तोही."

आई आत गेली. मोरीत साबण लावून हात धुतल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. मग तिने तिथूनच विचारलं, "उद्या डब्याला काय देऊ?"