चार सेकंद

घाट उतरून शलाका धरणाच्या काठी सायकलवरून उतरली, तेव्हा रिले शर्यतीत तिचा संघ पहिला होता. आता आपल्या घोट्यावरचा वेळ मोजणारा पट्टा मैथिलीच्या पायात बांधायचा, की ती शेवटचा टप्पा धावणार.

तीन वर्षं हा टप्पा शलाकाचा होता. तिचा गुडघा दुखावला आणि सरांनी तिला सायकलवर बसवून ही नवी मुलगी आणली. कठड्यापाशी लोक "मैथिली! मैथिली!" ओरडत होते. गेल्या वर्षी ते शलाकाचं नाव घेऊन ओरडले होते.

"ताई, लवकर!" पाय पुढे करत मैथिली म्हणाली.

शलाकाची बोटं पट्ट्यावर मुद्दाम रेंगाळली. दुसऱ्या संघाची धावपटू शेजारून निघून गेली, तेव्हा कुठे तिने पट्टा सोडून मैथिलीच्या पायात बांधला.

मैथिली जीव तोडून धावली, पण चार सेकंदांनी मागे पडली. अंतिम रेषेपाशी येऊन थांबलेल्या शलाकाच्या गळ्यात पडून ती हुंदके देऊ लागली. "ताई, माझ्यामुळे गेलं गं सगळं."

"नवीन आहेस, होतं असं," सर म्हणाले.

शलाकाला हेच तर ऐकायचं होतं. पण ऐकवेना.

"सर, तिच्यामुळे नाही. पट्टा मीच मुद्दाम उशिरा सोडला."

मैथिलीचे हात तिच्या गळ्यातून हळूच निघाले.