गोबीतला चहा

गोबीच्या वाळवंटातून गाडी मंगोलियाच्या सरहद्दीकडे निघाली होती आणि शालन थोरल्या जाऊबाईंना तिसरा पेला चहा देत होती. सरहद्दीवर गाडीची चाकं बदलतात आणि ते काम होईपर्यंत काही तास संडासांना कुलूप असतं, हे डबा सांभाळणाऱ्या बाईने तिला खुणांनी सांगितलं होतं. जाऊबाई तेव्हा घोरत होत्या.

एका वऱ्हाडात, शालन पोटुशी असताना, याच जाऊबाईंनी तिच्यासाठी बस थांबू दिली नव्हती. भिजलेल्या साडीचा तो किस्सा त्या अजूनही प्रत्येक लग्नात रंगवून सांगत.

"घ्या वहिनी, अजून अर्धा."

"एकटी कशी पिऊ? तूही घे, माझी शपथ."

शपथ मोडवेना. शालनही त्यांच्या जोडीने पेल्यामागून पेला रिचवत गेली.

कुलूप लागलं, पलीकडच्या रुंद रुळांची चाकं लावायला माणसांसकट डबा वर उचलला गेला. थोड्या वेळाने जाऊबाई संडासाचं दार हलवून परतल्या. "तुला ठाऊक होतं?"

"होतं."

"मग भवाने, तू कशाला प्यालीस?"

शालनने मांड्या घट्ट आवळल्या. तिचाही जीव कासावीस झाला होता. पण तिला फक्त वहिनींपेक्षा एक मिनिट जास्त टिकायचं होतं.