बारा नंबरची प्लेट

"आजही कोऱ्या?" तिने विचारलं.

"कोऱ्या करकरीत," डॉक्टर म्हणाला. "घ्या धुवायला."

तळघरातल्या प्रयोगशाळेत काचसामान धुणं हे तिचं काम. अकरा वर्षांत एक खाडा नाही. वरच्या वॉर्डात नऊ जण तापाने फणफणत होते. त्यांचं रक्त काचेच्या प्लेटींवर पसरून उबदार कपाटात ठेवायचं, दोन दिवस वाट पाहायची. काही उगवलं नाही की तिसऱ्या सकाळी तिने प्लेटी काढून, उकळून लख्ख करायच्या. नियम जुना होता. तो कोणी केला हे कोणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून मोडायचंही कोणाच्या मनात येत नव्हतं.

प्लेटींवर नाव नसे, खाटेचा आकडा असे. बारा नंबरची ती सगळ्यांत शेवटी धुवायची. बारावर तिची मुलगी होती.

"मावशी, तुमच्या हातून जंतूचं भूतसुद्धा सुटायचं नाही."

"आधी सापडू तर दे मेल्याला. नाव कळलं की शिव्या तरी घालता येतील."

डॉक्टर हसला. तो वर क्वचितच जायचा; त्याचे पेशंट प्लेटींत असत.

संध्याकाळी मुलगी विचारायची, "आई, मिळालं का गं काही?" ती म्हणायची, "उद्या." हा उद्या तीन आठवडे चालला होता.

शुक्रवारी तिचा रजेचा अर्ज आला. कारणाच्या रकान्यात 'घरगुती' एवढंच. बदली माणूस काही मिळाला नाही.

आठवड्याने ती आली, तर डॉक्टर दारातच उभा.

"मावशी, तुमच्या रजेने काम केलं. प्लेटी कोणी बाहेरच काढल्या नाहीत. सहाव्या दिवशी ठिपके उगवले, नऊच्या नऊ प्लेटींवर. आळशी जंतू आहे हो. त्याला सहा दिवस लागतात, आणि आपण तिसऱ्याच दिवशी धुऊन मोकळे."

तिने कपाटात वाकून पाहिलं. मोहरीएवढे, फिकट पिवळे ठिपके. बारा नंबरवर सर्वांत दाट.

"यावर औषध?"

"साधंच. आपल्याच फडताळात पडून होतं. चार दिवसांत ताप उतरेल. बारा नंबरला आधी द्या, म्हणून सांगतो वर."

तिने हातमोजे चढवले.

"आजच द्या," ती म्हणाली. "माझी शुक्रवारीच गेली. बारावर आता दुसऱ्या कोणाची तरी मुलगी आहे."