हरपलेला तुकडा

जिगसॉचं चित्र पुरं होत आलं की धम्मानंदांची बायको माया एक तुकडा लपवायची आणि ते घर डोक्यावर घेऊन तो शोधायचे. तुकडा सापडल्याशिवाय संत्रा बर्फीचा डबा उघडायचा नाही, हा त्या घरचा रिवाज. माया गेली, तरी धम्मानंदांनी रिवाज मोडला नाही. आजही त्यांनी शेवटचा तुकडा स्वतःच चहापत्तीच्या डब्यात टाकला आणि समोरच्या फ्लॅटची बेल वाजवली.

"विशाखाताई, पुन्हा एक तुकडा हरपला जी. जरा पाहू लागता का?"

विशाखाताईही एकट्याच. पदर खोचून आल्या. दोघांनी सोफा सरकवला, गाद्या उचलल्या, चपलासुद्धा झटकल्या. मग "थांबा, आधी चहा मांडते," म्हणत त्यांनी नेमका तोच डबा उघडला. धम्मानंद हातातली चप्पल घेऊनच स्वयंपाकघराच्या दाराशी धावले. तुकडा सापडला की बर्फी खाऊन त्या घरी जाणार.

विशाखाताई क्षणभर डब्यात पाहत राहिल्या. दोन चमचे पत्ती काढली, उरलेली हळूच तुकड्यावर ओढली आणि झाकण लावलं.

"इथं तं नाही जी, भाऊ. चहा झाला की आतल्या खोलीत पाहू."