लिनोलियमखाली

बेळगावहून विश्वासरावांचं पत्र येऊन महिना उलटला होता. ‘शुभदा आता अठराची झाली असेल. आमच्या चिरंजिवांसाठी तिची पत्रिका पाठवावी.’ इतक्या वर्षांत गाठभेट नाही. जुन्या मित्राला काही ठाऊक नव्हतं. उमाकांतांनी उत्तर लिहायला घेतलं आणि कागद फाडला. पुन्हा घेतला, पुन्हा फाडला. ‘शुभदा गेली’ एवढं त्यांच्या हातून कधी लिहवलंच नव्हतं.

चामराजपेटेतलं घर बांधून झालं ते स्वातंत्र्याच्या वर्षी. मधल्या खोलीची लाल सिमेंटची जमीन ओली असतानाच चार वर्षांची शुभदा तिच्यावर एक पाय देऊन पळाली. त्याच पावसाळ्यात ती तापानं गेली. पाऊल राहिलं.

शुभदाच्या आईला, पद्मावतीबाईंना, ते रोज डोळ्यांपुढे नको झालं होतं. आता त्यांनी हट्टानं लिनोलियम आणवलं. अंथरायला बसवंत मेस्त्री आला. जमिनीवरून हात फिरवताना तो थांबला.

“रायरे, ह्यो खड्डा आधी सिमेंटनं बुजवायला पायजे. न्हाईतर लिनोलियम तिथं स्वल्प खाली बसतंय, मग फाटतंय.” मग वाकून बघत म्हणाला, “कुठल्या बाईनं ओल्यात पाय दिला हो?”

“बाईनं?”

“मग काय! घरातल्या अक्कांचाच दिसतोय.”

उमाकांतांनी पावलाकडे पाहिलं. पूर्वी ते पाऊल त्यांच्या तळहाताखाली झाकलं जायचं. अलीकडे झाकेनासं झालं होतं. आपलीच नजर अधू झाली, अशी ते स्वतःची समजूत घालत आले होते.

“बुजवायचं नाही,” ते म्हणाले. “माझं मी अंथरीन.”

मेस्त्री गेल्यावर पद्मावतीबाई म्हणाल्या, “तुम्ही? साधा खिळा ठोकायला गेलात तर अंगठा फोडून घेता!”

“वाकडं तर वाकडं.”

गुडघे टेकून ते गुंडाळी उलगडत गेले. पावलाशी येऊन हात थबकला. त्यांनी तळवा टेकला. पावलाची बोटं त्याच्याही पुढे उरली. अंगठ्याशेजारच्या बोटाभोवती एक बारीक, गोल वळ होता. काल नव्हता. तिथलं सिमेंट गार लागलं. जरासं ओलंही.

“अहो, अडलं का?” पद्मावतीबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. बघता बघता खाली बसल्या. त्यांनी त्या वळावरून बोट फिरवलं.

“जोडवी,” त्या म्हणाल्या.

मग त्यांनीच लिनोलियमची कड मागे ढकलली. “गुंडाळा ते.”

या खेपेला विश्वासरावांना लिहिलेलं कार्ड फाडावं लागलं नाही. संध्याकाळी उमाकांतांनी ते कोपऱ्यावरच्या टपालपेटीत टाकलं. मायन्याखाली एवढंच होतं:

‘चि. सौ. शुभदाचं लग्न झालं. सासर कुठलं, ते आम्हालाही अजून कळलेलं नाही.’