तीनशे बारा चिठ्ठ्या

काचेच्या पेटीत चिठ्ठ्या ओतल्या गेल्या, तसे बूझियान मास्तर खुर्चीत अवघडून बसले. नगरपालिकेच्या सभागृहात अख्खं गाव लोटलं होतं. हजला जायला नावं तीनशे बारा आणि जागा नऊ.

"दहावी खेप ना मास्तर?" शेजारी बसलेल्या कद्दूर न्हाव्याने कोपराने ढोसलं. "यंदा तरी तुमच्या गणिताची खोड मोडू दे!"

मास्तर कसनुसं हसले. दहावी कसली, ही पहिलीच खेप होती. त्यांच्याखेरीज हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

पस्तीस वर्षं त्यांनी पोरांकडून एकच घोकून घेतलं होतं: खात्री हवी, तर वाईटात वाईट धरून चाला. हवी ती चिठ्ठी सगळ्यात शेवटी निघणार असंच समजा. म्हणजे तीनशे बाराच्या तीनशे बारा काढल्या, तरच आपली नक्की. आणि काढणार नऊ! मग अर्जाच्या रांगेत ताटकळायचं कशाला? दर वर्षी खैरा दोघांचा अर्ज नवऱ्याच्या खिशात घालायची. मास्तर चहाच्या दुकानात डॉमिनो खेळत बसायचे आणि घरी येऊन सांगायचे, "टाकला."

सोडतीच्या सकाळी ती बिचारी दोघांचे पांढरे कपडे धुऊन गच्चीवर वाळत घालायची.

"अहो, पहिलीच चिठ्ठी आपली निघाली तर?"

"तर-बिर गणितात चालत नाही."

संध्याकाळी ती कपडे घडी करून ट्रंकेत ठेवायची, आणि वर नवऱ्याचीच समजूत घालायची. "मनाला लावून घेऊ नका हो. पुढल्या वर्षी निघेल."

या हिवाळ्यात खैरा गेली. चाळीस दिवस झाल्यावर मास्तर रांगेत जाऊन उभे राहिले. तासाभरात नंबर लागला. अर्जावर आता एकच नाव होतं. ते निघावं असं त्यांना मुळीच वाटत नव्हतं. एकदा तरी "टाकला" हे खरं व्हावं, एवढंच होतं.

इमामांनी बाही सारून पेटीत हात घातला आणि पहिली चिठ्ठी उलगडली.

"बूझियान, शाळामास्तर!"

मागच्या रांगांतल्या बायकांनी आनंदाने एकच कल्लोळ केला. कद्दूरने मास्तरांचं डोकं धरून कपाळाचा मुका घेतला. "पहिलीच, मास्तर! अहो, रडताय काय असे?"

"वाईटात वाईट हे असतं, कद्दूर," मास्तर म्हणाले. "पहिली निघणं. मी आपला जन्मभर शेवटची धरत बसलो."