काजळीचं वैर

"औषधानं काय व्हायचं? आधी गोटीरामची कांदाचाळ हलवा," मंगलाबाईंनी डॉक्टरांना बजावलं.

डॉक्टर नाशिकरोडचे, शांत माणूस. त्यांनी बाईंच्या हातावर चाचणीच्या सात-आठ सुया टोचल्या. एकाच जागी चिंचोक्याएवढी गांध उठली. ती बुरशीची होती. कांद्यावर जी काळी काजळी धरते, तिचे कण श्वासातून आत जातात, असं त्यांनी समजावलं. बाकीच्यांना त्याचं काही होत नाही. पण बाईंच्या पेशींवर जे पहारेकरी बसलेत, त्यांनी त्या कणांशी वैर धरलंय. कण आला की ते बोंब ठोकतात आणि छाती आवळून येते.

बाईंना हे फारच पटलं. गोटीरामला त्यांचे पहारेकरीसुद्धा ओळखून होते.

गोटीराम चुलत दीर. एकलहऱ्याच्या अलीकडे दोघांची घरं भिंतीला भिंत लागून. त्याची कांदाचाळ बाईंच्या खिडकीखाली होती आणि सडका माल तो तिथेच टाकायचा. अठ्ठ्याण्णव साली बाईंनी दावा ठोकला. नुसत्या तोंडी सांगण्यावर केस टिकत नाही, असं वकील म्हणाले, तेव्हा बाईंनी स्वतः काजळलेले कांदे गोणीभर उचलून आणले. तारखेला हजर करायचे, तोवर कुणाचा हात लागू द्यायचा नाही, असं ठरलं.

तारखेवर तारीख पडत गेली. कोर्टाच्या धाकानं गोटीरामनं दिवाळीआधीच चाळ मळ्यात नेली आणि जागा फिनेलनं धुतली. तरी बाईंची धाप हटेना. आडवं झालं की जास्तच. धूळ नको म्हणून सून मैनेला त्या आपल्या खोलीत झाडूही मारू देत नसत. एकलहऱ्याच्या पॉवर हाऊसची राख असेल, असं मैना एकदा बोलली आणि शिव्या खाऊन बसली. राख अख्ख्या गावावर पडते, मग दमा त्यांनाच का? पंचवटीला बहिणीकडे आठ दिवस राहिल्या, तर एकदाही दम्याचा पंप ओढावा लागला नाही. तिथे गोटीराम नव्हता, हे उघडच होतं.

एकदा तो दारात आला.

"वहिनी, चाळ हलवली. आता तरी मिटवू."

"चोरून टाकतोस तू. घरात वास येतो मला."

"तुमच्या अंगणात पाऊल टाकत नाय मी."

"मग मी मरते कशानं?"

तो मान खाली घालून गेला, आणि बाईंना फार बरं वाटलं.

दोन हजार साली एकदाची खरी तारीख लागली. त्या सकाळी बाईंचे ओठ निळे पडले होते. दवाखान्यात भरती व्हा, असं डॉक्टरांनी कालच बजावलं होतं. पण बाईंना आधी कोर्ट हवं होतं. वकील रिक्षा घेऊन दारात उभे राहिले आणि त्यांनी पुराव्याचा माल विचारला. बाई भिंतीला धरून उठल्या. दोन वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं.

"मैने, माझ्या खाटेखालची गोणी ओढ. जपून. रोज तिच्यावर झोपले, म्हणून टिकली."